संशयाचें ओझें कोणाच्या शिरावर?

एखाद्या पदार्थापासून अपाय होतो असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं, परंतु होत नाहीं असेंही सिद्ध झालेलें नाहीं. तर तो वापरावा कीं वापरूं नये? आणि सत्य काय तें कळेपर्यंत जो काळ लोटतो, त्या काळांतील धोका कोणीं सोसावा? हा प्रश्न वरवर पाहतां विद्वानांच्या सभेंतला वाटतो. परंतु तो आज आपल्या खेड्यांतील बांधाबांधावर येऊन उभा राहिला आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त आहे तणनाशक औषधांचें. त्यांतही जीं पेरणीनंतर परंतु तण उगवण्यापूर्वीं जमिनीवर मारतात, त्या उगवणपूर्व तणनाशकांचें. पेरणी झाली आहे, जमिनींत ओल आहे, पीक वर आलेलें नाहीं आणि तणाचें पातेंही दिसत नाहीं, अशा वेळीं, बहुधा पेरणीपासून दोन दिवसांच्या आंत, औषध पाण्यांत मिसळून मातीवर सारखें फवारतात. त्याचा पातळ थर मातीच्या वरच्या अंगास राहतो. तणाचें बीं रुजून त्याचा कोंभ किंवा मूळ त्या थरांत आलें कीं तेथेंच त्याचा शेवट होतो. सोयाबीन, कापूस व कांदा यांत पेंडीमिथॅलिन, मका व ऊस यांत ॲट्राझीन, भातांत ब्युटाक्लोर व प्रेटिलाक्लोर, हीं नांवें आतां शेतकऱ्यांच्या तोंडीं बसलीं आहेत. पेंडीमिथॅलिन हें कोंवळ्या मुळांतील पेशींचें विभाजन थांबवितें. ॲट्राझीन हें पानांत सूर्यप्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार होण्याची क्रिया बंद पाडतें. मक्यास मात्र तें बाधत नाहीं, कारण त्या विषाला दुसऱ्या पदार्थाशीं जोडून निरुपद्रवी करण्याची शक्ति मक्याच्या अंगांत असते. म्हणजे एकाच मातींत, एकाच फवाऱ्यानें एक रोप मरतें व दुसरें वांचतें. ही मनुष्याच्या बुद्धीची मोठी कामगिरी आहे, आणि तिला कमी लेखणें योग्य होणार नाहीं.

शिवाय ह्या औषधांनीं कोणाचें ओझें हलकें केलें हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. खुरपणी म्हणजे काय हें आपल्या मंडळींतील स्त्रियांस सांगावयास नको. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कमरेंत वांकून किंवा उकिडवें बसून ओळीमागून ओळ सारावयाची; वर पावसाची भुरभुर, खालीं चिखल; आणि एका टोकास पोंचावें तों दुसऱ्या टोकास तण पुनः डोकें वर काढतें. ज्यांनीं हातांत खुरपें कधीं धरलें नाहीं, त्यांनीं जुन्या शेतीच्या निर्दोषपणाचे गोडवे फार गाऊं नयेत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत शेतमजुरांस आंखूड दांड्याच्या कुदळीनें दिवसभर वांकून तण काढावें लागे, व त्यामुळें त्यांच्या पाठी कायमच्या अधू होत. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळें १९७५ सालीं ती कुदळ बंद झाली. हातानें तण काढणें हें विष नव्हे. परंतु तेंही कोणाच्या तरी शरीरावर लिहिलें जातें. तेव्हां औषध वाईट व खुरपें चांगलें, इतका हा वाद सोपा नाहीं.

आतां औषध निर्धोक आहे हें ठरवितात कसें, तें पाहूं. प्रथम उंदीर, ससे इत्यादि प्राण्यांस तें निरनिराळ्या प्रमाणांत देऊन, ज्या प्रमाणास कांहींही अपाय दिसत नाहीं तें प्रमाण शोधून काढतात. मनुष्य त्या प्राण्याहून नाजूक असेल म्हणून त्यास दहानें भागतात. आणि सर्व माणसें सारखीं नसतात, कोणी अशक्त तर कोणी आजारी, म्हणून पुनः दहानें भागतात. असा शंभरावा हिस्सा मनुष्यास निर्धोक धरण्याची वहिवाट आहे. अमेरिकेंत १९९६ सालच्या कायद्यानें लहान मुलांकरितां आणखी दहापट सावधगिरी सांगितली आहे. त्यानंतर फवारणाऱ्याच्या अंगावर किती पडेल, अन्नांतून व पाण्यांतून किती पोटांत जाईल, शेतांत पुनः शिरण्यापूर्वीं किती तास थांबावें, याचा हिशेब करतात. ह्या परीक्षा सरकारनें घालून दिलेल्या रीतीप्रमाणें, परंतु बहुधा औषध विकणाऱ्या कंपनीच्याच खर्चानें होतात. सरकार त्यांचे कागद तपासतें.

हें गणित मूर्खपणाचें नाहीं. तें पुष्कळ प्रामाणिक माणसांच्या श्रमाचें फळ आहे. परंतु गणित कितीही शुद्ध असलें तरी जो प्रश्न त्यांत घातलाच नाहीं, त्याचें उत्तर त्यांतून निघत नाहीं. आपल्या देशांत डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो, त्याचेंच उदाहरण घ्या. लाल, पिवळा, निळा व हिरवा असे त्याचे चार प्रकार आहेत, आणि मुख्यतः एकाच वेळीं पोटांत किंवा कातडीवाटे गेल्यास किती औषधानें प्राणी मरतो, यावरून ते ठरतात. हिरवा त्रिकोण पाहून पुष्कळ लोक समजतात कीं हें पाण्यासारखें आहे. वस्तुतः तो त्रिकोण आज मरण येईल काय याचें उत्तर देतो; वर्षानुवर्षें थोडें थोडें अंगांत गेल्यास काय होईल, किंवा पोटांतील बाळावर काय परिणाम होईल, हें तो सांगत नाहीं.

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व समजण्यास अमेरिकेंत नुकतीच घडलेली एक हकीकत फार उपयोगी आहे. डॅक्थल या नांवानें विकलें जाणारें एक उगवणपूर्व तणनाशक तेथें १९५८ सालीं प्रथम नोंदलें गेलें. ब्रोकोली, कोबी, कांदा इत्यादि भाज्यांच्या शेतांत तें दीर्घ काळ वापरलें गेलें. युरोपीय संघानें तें २००९ सालीं बंद केलें. २०१३ सालीं अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें ॲम्व्हॅक या उत्पादक कंपनीकडे अधिक परीक्षांचे निकाल मागितले. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या रसावर, विशेषतः गर्भांतील बाळाच्या बाबतींत, ह्या औषधाचा काय परिणाम होतो, ही त्यांतील एक परीक्षा होती. हे निकाल जानेवारी २०१६ पर्यंत यावयाचे होते. कंपनीनें कांहीं कागद पाठविले, ते अपुरे ठरले. आणि थायरॉइडची परीक्षा तर आलीच नाहीं. शेवटीं एप्रिल २०२२ मध्यें, परवाना तहकूब करूं अशी नोटीस खात्यानें काढली, तेव्हां त्याच वर्षाच्या ऑगस्टांत ती परीक्षा हातीं आली.

त्या परीक्षेंतून काय निघालें? गर्भवती स्त्रीच्या अंगांत हें औषध गेलें असतां तिच्या बाळाच्या थायरॉइड रसाचें प्रमाण बिघडूं शकतें. आणि तशा बिघाडाचा संबंध कमी वजनानें जन्मणें, मेंदूची वाढ खुंटणें व पुढें बुद्धि मंद होणें यांच्याशीं आहे. हें औषध हाताळणाऱ्या कांहीं गर्भवती स्त्रियांच्या अंगांत, बाळास निर्धोक मानलेल्या प्रमाणाच्या चारपटीपासून वीसपटीपर्यंत औषध जात असावें, असा अंदाज खात्यानें केला. संरक्षक कपडे घालूनही धोका पुरता टळत नव्हता. डब्यावरच्या चिठ्ठीप्रमाणें फवारणीनंतर बारा तासांनीं मजुरांस शेतांत जाण्यास मोकळीक होती. पुष्कळ पिकांत तें शेत पंचवीस दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ धोक्याचें राहत असल्याचें दिसून आलें. ६ ऑगस्ट २०२४ रोजीं खात्यानें तांतडीचा हुकूम काढून तें औषध थांबविलें. असा हुकूम जवळजवळ चाळीस वर्षांत निघाला नव्हता. त्याच वर्षीं त्याची नोंदणीही रद्द झाली.

वाचकहो, ह्या हकीकतींतील तारखा पुनः एकदां ओळीनें पाहा. प्रश्न विचारला २०१३ सालीं. उत्तर आलें २०२२ सालीं. औषध थांबलें २०२४ सालीं. ह्या अकरा वर्षांत प्रश्न उघडा होता आणि शेतेंही उघडीं होतीं. ज्या स्त्रिया त्या शेतांत कोबी लावीत व कांदे उपटीत, त्यांच्या पोटांतील बाळांनीं ह्या संशयाचें ओझें वाहिलें. संशय फेडण्याचें साधन ज्यांच्या हातीं होतें त्यांची विक्री चालू राहिली. आणि ज्यांस त्या संशयाची वार्ताही नव्हती त्यांनीं त्याची जोखीम घेतली. आम्हांस यांत सर्वांत विचार करण्यासारखें जें वाटतें तें हेंच. औषध वाईट ठरलें हें दुःखाचें खरें. परंतु मनुष्याच्या ज्ञानास मर्यादा आहे, चूक होऊं शकते. न सुटलेल्या प्रश्नाचा काळ कोणाच्या अंगावर ढकलला, हा मात्र ज्ञानाचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, दोष सिद्ध होईपर्यंत आरोपीस निर्दोष मानावें हा न्यायाचाच नियम आहे. नियम खरा, परंतु तो कोणाकरितां केला आहे? मनुष्याकरितां. निर्दोष मनुष्यास शिक्षा झाली तर त्याची अब्रू जाते, घरदार बुडतें, आणि तो अन्याय परत फिरवितां येत नाहीं. डब्यांतील औषधास अब्रू नाहीं. तें दोन वर्षें कपाटांत राहिलें तर त्याच्यावर कांहीं जुलूम होत नाहीं. मनुष्याच्या रक्षणाकरितां जो नियम केला, तो वस्तूस लावून मनुष्यासच उघडें टाकणें, हें त्या नियमाचें पालन नव्हे, विटंबना होय. आणि येथें एक विसंगति पाहा. ह्या औषधाचा सारा गुण काय तर तणास उगवूं न देणें. अजून एक पातेंही दिसलें नसतां आम्ही संपूर्ण शेतांतील तणास दोषी ठरवून मोकळे होतों. तणाच्या बाबतींत उगवण्यापूर्वींच सावध, आणि औषधाच्या बाबतींत मात्र अपाय उगवून फोंफावेपर्यंत स्वस्थ! जी दूरदृष्टि पिकासाठीं आहे, तीच मजूर स्त्रीच्या मुलासाठीं असावी, एवढेंच आमचें मागणें आहे. निदणाच्या दृष्टांतांतील शेताचा धनी आमच्या वाचकांस परिचित आहे. निदण काढावयाच्या घाईंत गहूं उपटला जाईल, ही त्याची पहिली चिंता होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. औषध हें निर्जीव असलें तरी शेतकरी सजीव आहे. ऐन पेरणींत औषध बंद झालें, मजूर मिळाले नाहींत, आणि पीक तणानें खाल्लें, तर त्याच्या मुलांनीं काय खावें? हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाहीं. परंतु दोन हानि समोरासमोर असतां, त्यांपैकीं भरून निघण्यासारखी कोणती, हें पाहण्याचा विवेक मनुष्यास दिलेला आहे. एका हंगामाची तूट सरकारला भरपाईनें, दुसऱ्या औषधानें, कोळप्याच्या दोन जादा पाळ्यांनीं, थोडी तरी भरून काढतां येते. जन्मापूर्वीं जी बुद्धि खुंटली ती कोणत्याही भरपाईनें परत येत नाहीं. शिवाय शेतकरी आपल्या इच्छेनें जोखीम पत्करतो व तिचा नफाही त्यास मिळतो. रोजावर आलेल्या बाईस कोणी विचारीत नाहीं. आणि पोटांतील मुलास तर विचारणेंच शक्य नाहीं. आपल्या लाभाकरितां आपण जोखीम घेणें हें धैर्य असूं शकतें; आपल्या लाभाकरितां दुसऱ्यास न सांगतां जोखमींत घालणें यास धैर्य हें नांव देतां येत नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, असल्या विचारानें जगांत कोणतेंही औषध वापरतां येणार नाहीं, कारण शंका कशाविषयींही घेतां येते. हें खरें आहे, आणि म्हणूनच शंका व अफवा यांत भेद केला पाहिजे. विद्वानांतही प्रामाणिक मतभेद असतात. ॲट्राझीनच्या अतिसूक्ष्म प्रमाणानें बेडकांच्या जननेंद्रियांत बिघाड होतो, असें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या टायरोन हेज यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलें. तसा परिणाम होत नाहीं, असा निष्कर्ष अमेरिकन खात्यानें २००७ सालीं काढला. पाण्याचीच गोष्ट पाहा. एक लिटर पिण्याच्या पाण्यांत ॲट्राझीन किती असलें तर चालेल? युरोपांत ०.१ मायक्रोग्रॅम, अमेरिकेंत ३, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ सालच्या मार्गदर्शनाप्रमाणें १००. पहिल्या व शेवटच्या आंकड्यांत हजारपटीचें अंतर! हे लोक निरनिराळें रसायनशास्त्र शिकले आहेत काय? तसें नाहीं. युरोपानें अपायाचें मोजमाप करून तो आंकडा काढलेला नाहीं. कोणतेंही असलें औषध पाण्यांत असूंच नये, या तत्त्वावर सर्वांस एकच मर्यादा घातली, आणि जमिनीखालच्या पाण्यांत ती मोडली जाते म्हणून ॲट्राझीनला परवाना नाकारला. इतरांनीं किती प्रमाणानें अपाय होईल याचा हिशेब मांडला. म्हणजे आंकड्यांच्या पोटांत नीतीचा निर्णय दडलेला असतो. तो निर्णय तज्ज्ञांनीं करावा हें ठीक. परंतु तो निर्णय आहे, केवळ मोजमाप नव्हे, हें त्यांनीं सामान्य जनांस सांगितलें पाहिजे.

तर मग नियम कोणता असावा? आमच्या मतें इतकाच कीं, संशयाचें ओझें तो फेडण्यास जो समर्थ आहे त्यानें वाहावें. प्रत्येक अफवेवर औषध बंद करूं नये. परंतु सकारण व नेमका प्रश्न एकदां विचारला गेला म्हणजे उत्तरास मुदत असावी, आणि मुदतींत उत्तर न आल्यास परवाना आपोआप थांबावा. विलंबांत नफा असेल तर विलंब होणारच, हें सांगण्यास शास्त्राची गरज नाहीं. आपल्या देशांतही हा विचार लागू आहे. २०१८ सालच्या सरकारी आदेशानें ट्रायफ्ल्युरालिन व ॲलाक्लोर या तणनाशकांस प्रतिबंध झाला. पैकीं ॲलाक्लोरचा प्रतिबंध ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाला. मे २०२० मध्यें सरकारनें आणखी सत्तावीस औषधें बंद करण्याचा मसुदा काढला. त्यांत ॲट्राझीन, ब्युटाक्लोर, ऑक्सिफ्लोरफेन व पेंडीमिथॅलिन हीं होतीं. २०२३ सालच्या आदेशानें त्यांतील थोडींच बंद झालीं, व हीं चार त्यांत नव्हतीं. हीं चार निर्दोष कीं सदोष, याचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. परंतु ज्या औषधाविषयीं एकदां इतकी गंभीर शंका छापून प्रसिद्ध झाली, त्या शंकेचें निरसन कसें झालें हेंही तितक्याच स्पष्टपणें, आपल्या भाषेंत, शेतकऱ्यास कळलें पाहिजे.

मोठ्या कारभाराचें असें. परंतु आपल्या हातीं जें आहे त्याचें काय? दुसऱ्याच्या डोळ्यांतील दोष पाहणें सोपें आहे. दूरच्या कंपनीनें अकरा वर्षें जें केलें, तेंच आपण आपल्या दोन एकरांत एका दिवसांत करीत असूं, तर तिला नांवें ठेवण्याचा आपल्यास अधिकार काय? ज्या शेतांत काल औषध मारलें तेथें आज शेजारच्या बाईस न सांगतां कांदा लावावयास नेणें, हें त्याच जातीचें पाप आहे. फक्त त्याचा आकार लहान आहे. म्हणून ज्याच्याकडे मजूर येतात त्यानें कोणतें औषध, कोणत्या दिवशीं मारलें हें मजुरांस आधीं सांगावें. चिठ्ठीवर लिहिलेला काळ ही कमींत कमी मर्यादा समजावी. जी स्त्री गरोदर आहे तिला औषध कालवण्याच्या, मारण्याच्या किंवा ताज्या फवारलेल्या शेतांतील कामावर लावूं नये. आणि त्यामुळें तिची रोजी बुडूं देऊं नये, दुसरें काम द्यावें. रोजी बुडण्याच्या भयानें ती आपली अवस्था लपवील, आणि मग आपली सावधगिरी कागदावरच राहील. पंप विहिरीवर किंवा ओढ्यांत धुऊं नये. रिकाम्या डब्यांत पाणी, तेल किंवा धान्य कधींही ठेवूं नये. प्रमाण डोळ्यांनीं अदमासून घेऊं नये; मापानें घ्यावें, कारण निर्धोकपणाचा सारा हिशेब त्या मापावर बसविलेला असतो. आणि ज्या तणास कोळपें पुरतें तेथें केवळ शेजाऱ्यानें मारलें म्हणून औषध मारूं नये.

गांवोगांवच्या उपदेशकांस व शाळामास्तरांस आमची एक विशेष विनंति आहे. डब्यासोबत जें माहितीपत्रक येतें तें बारीक अक्षरांत असतें, आणि ज्यांस त्याची सर्वांत अधिक गरज आहे त्यांस तें वाचतां येत नाहीं. ज्यास अक्षर येतें त्यानें पेरणीच्या दिवसांत तें पत्रक मोठ्यानें वाचून दाखवावें व त्याचा अर्थ सांगावा. एका संध्याकाळचें हें काम आहे. परंतु त्यानें संशयाच्या ओझ्याचा एक भाग, जो आजवर न वाचणाऱ्यांच्या डोक्यावर होता, तो वाचणाऱ्यांच्या खांद्यावर येईल. आणि तो तेथेंच असणें योग्य आहे. सांगतांना मात्र सत्यास धरून सांगावें. अपाय झांकणें जसें खोटें, तसें नसलेला अपाय सांगून गरीब शेतकऱ्यास घाबरविणें हेंही खोटेंच.

आपल्यास सर्व कांहीं कळेपर्यंत शेती थांबणार नाहीं. पेरावें लागेल, आणि कांहीं अज्ञान बरोबर घेऊनच पेरावें लागेल. परंतु त्या अज्ञानाचा वांटा कोणाच्या पदरीं घालावा, हें आपल्यास पुरतें कळतें. जो बलवान् आहे, जो जाणता आहे, ज्यास नफा आहे, त्यानें तो आधीं उचलावा; आणि जो अजून जन्मासही आला नाहीं, त्याच्या पदरीं तो कोणींही घालूं नये.